निंदलेला चौकोन

मित्रांनो, मी चौकट आहे. दाराची नाही, खिडकीची नाही आणि कोणाच्या फोटोचीही नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण ते समजावण्यातच माझं निम्मं आयुष्य गेलं. सागाच्या चार पट्ट्या, प्रत्येक एक मीटर लांब, आणि मध्ये काहीच नाही. रानात कोणतं गवत किती आहे हे मोजायला मला जमिनीवर टाकतात. अख्खं रान मोजणं कोणाच्या बापाला जमणार नाही, म्हणून माझ्याएवढे चौकोन जागोजागी मोजायचे आणि त्यावरून रानाचा अंदाज बांधायचा. इतकं सोपं काम आहे. तरी माणसांनी त्यात घोळ घालून दाखवलाच.

एकोणसाठ साली अमरावतीत, इतवाऱ्याजवळच्या सहदेव मिस्त्रीनं मला घडवलं. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे उत्तमराव सर त्याच्यासमोर उभे होते.

"याच्यात काच कुठी बसवाची?" मिस्त्रीनं विचारलं.

"काच नाही."

"मंग जाळी?"

"जाळीही नाही."

"मंग इले चौकट कायले म्हनता, सायेब? ह्या तं चार पट्ट्या झाल्या."

मीटर तेव्हा नवा होता. मिस्त्री म्हणाला, सव्वातीन फूट करतो, वरचं बोटभर गवताले माफ. पण सरांनी ते बोटभरही सोडलं नाही. पट्ट्या पुन्हा कापायला लावल्या. त्या दिवशी मला वाटलं, आपण काटेकोर माणसाच्या हाती पडलो. पुढे त्याच माणसानं मला कपाळाला हात लावायची पाळी आणली. मला कपाळ नाही, ही गोष्ट वेगळी.

माझा नियम एकच. डोळे मिटायचे, मला फेकायचं, आणि जिथे पडेन तिथलं मोजायचं. पण विद्यार्थी! एक डोळा किलकिला ठेवून मला मोकळ्या जमिनीवर फेकायचे, म्हणजे मोजायला तीन काड्या आणि चहाला वेळ मिळे. काही शहाणे मला बाभळीला टेकवून ठेवत आणि सावलीत बसून वहीत आकडे रचत. त्यांच्या वहीत जितकं गवत उगवलं, तितकं तेव्हा वऱ्हाडातल्या कुठल्याच गायरानात नव्हतं. पाच वर्षं मी हे मुकाट्यानं सोसलं. दुसरं करणार काय?

मग चौसष्टच्या पावसाळ्यात शालू आली. चांदूर रेल्वेच्या देवीदास गँगमनची मुलगी, एम.एस्सी.ला. घराण्यातली कॉलेजात गेलेली ती पहिलीच. पुढच्या जूनमध्ये अकोल्यात नवं कॉलेज निघणार होतं. तिथल्या जागेसाठी सरांनी तिचं नाव सुचवलं होतं. अट एवढीच, की तोवर एम.एस्सी. हाती हवी. देवीदासनं चांदूरच्या अर्ध्या फलाटाला हे सांगून ठेवलं होतं.

शालूचा प्रश्न साधा होता. गुरं आवरली तर चांगलं गवत परत येतं का? वलगावच्या गायरानाचा एक तुकडा तिथल्याच पुंजाजीनं काटेरी फांद्या लावून बंद केला होता. तो त्याची राखण करायचा. बंद तुकड्यात पाच चौकोन आणि उघड्या रानात पाच, असे दहा चौकोन दर महिन्याला मोजायचे. गुरांना आवडणारा पवन्या किती, आणि गुरं ज्याला तोंड लावत नाहीत तो तरोटा आणि कुसळी गवत किती, एवढंच लिहायचं.

जागा ठरवायला तिनं मला फेकलं. डोळे खरंच मिटून! एकदा मी काट्यात पडले, एकदा चक्क शेणात. तिनं तोंड वाकडं केलं, पण जागा बदलली नाही. जिथे पडले तिथे माझ्या चार कोपऱ्यांना चार खुंट्या ठोकल्या. अशी पोरगी मिळाल्यावर मी लाकूड असून सुखावले.

जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. चार मोजण्या झाल्या. बंद तुकड्यात पवन्या थोडा वाढत होता, तरोटाही मजेत होता. पाचवी मोजणी शेवटची. त्या दिवशी नागपूरहून परीक्षक साहेब चौकोन पाहायला येणार होते.

दिवाळीनंतरची सकाळ होती. सर, साहेब, शालू आणि तिच्या खांद्यावर मी, असे आम्ही पोचलो. शालूनं मला पहिल्या चौकोनावर ठेवलं आणि मी हादरलेच. आत निव्वळ पवन्या! तरोट्याचं पान नाही, कुसळाची काडी नाही. बंद तुकड्यातले पाचही चौकोन तसेच.

साहेब खूश झाले. "इतका स्वच्छ निकाल मी पाहिला नाही," असं म्हणून ते ओढ्याकडची झाडं पाहायला गेले. सरांची छाती फुगली. आणि माझ्या पट्ट्यांखाली माती भुसभुशीत होती. कोणीतरी मुळासकट उपटलं होतं. ते मला कळत होतं आणि ओरडता येत नव्हतं.

शालूनं मातीत बोट घातलं. मग ती पुंजाजीच्या बायकोकडे गेली. भागीरथाबाई बांधावर हसतमुख उभी होती.

"मावशी, हे तुमी निंदलं का?"

"मंग! कालचा पुरा दिवस लागला. कापूस येचाले गेली नाई मी. नागपूरचा सायेब येनार अन् तुया वावरात तरोटा? लोक काय म्हनतीन?"

"मावशी, ते वावर नोयतं."

"चार खुट्या ठोकल्या म्हंजे वावरच झालं ना, बाई. अन् सायबाच्या पँटीले कुसळं लागले असते तं?"

"किती उपटलं?"

"निंदलेलं कोनी मोजते का?"

आता सांगा, या बाईवर चिडावं कसं? स्वतःची मजुरी बुडवून, पाठ मोडून तिनं हे केलं होतं. करायला गेली गणपती आणि झाला मारुती! पण मी चिडले. पाच महिन्यांचं काम एका बाईच्या चांगुलपणानं खुरप्यानं खरवडून काढलं होतं.

सरांनी शालूला बाजूला घेतलं. "तरोटा शून्य आहे ना? मग शून्य लिही. चौकटीत दिसतं तेच मोजायचं, हा नियमच आहे."

माझाच नियम माझ्याच तोंडावर! आणि हे कोण बोलत होतं? ज्यानं माझ्यासाठी बोटभर लाकूड सोडलं नव्हतं, तो माणूस.

"सर, चौकटीत जे उगवलं ते मोजायचं. हे उगवलेलं नाही, उरलेलं आहे."

"आणि अकोला? वर्ष जाईल तुझं. वडिलांना काय सांगशील?"

शालूनं वही उघडली. तिनं लिहिलं, 'बंद तुकडा, पाचही चौकोन निंदले गेले. मोजणी रद्द.' आणि ती तिथेच, गवतात बसून, रडली. मला तिचाही राग आला. इतकं खरं असून इतकं नुकसान का व्हावं, याचा राग. भागीरथाबाईला काही उमगेना. ती नुसती म्हणत राहिली, "मायं काई चुकलं का वो?"

अकोल्याची जागा दुसऱ्याला गेली. पुढच्या पावसाळ्यात शालूनं सगळं पहिल्यापासून केलं. निकाल बेताचाच आला. पाचातल्या दोनच चौकोनांत पवन्या नीट वाढला होता. नंतर ती दर्यापूरच्या शाळेत शास्त्र शिकवायला गेली. मी कॉलेजातच राहिले. आता माझ्यावर प्रयोगशाळेची फडकी वाळत घालतात. परवा एकानं मला कॅरमची चौकट समजून सोंगट्या शोधल्या.

मित्रांनो, फडकी खुशाल वाळत घाला. पण मला रानात न्याल तेव्हा डोळे मिटून फेका, आणि जिथे पडेन तिथलं तण उपटू नका. पाहुण्यांसाठी नको, परीक्षकासाठी नको, गावाच्या अब्रूसाठीही नको. हे मला वलगावातच शिकायला मिळालं, दुसऱ्या वर्षीच्या शेवटच्या मोजणीला. तिसऱ्या चौकोनात तरोटा रग्गड माजला होता. शेजारी भागीरथाबाई उकिडवी बसली होती, उपटायला शिवशिवणारे हात काखेत दाबून. शालूचं मोजून झालं, पण आकडा लिहिताना ती थांबली. पुन्हा गावाची लाज निघते असं या बाईला वाटेल, म्हणून असेल.

भागीरथाबाईनंच वहीकडे मान हलवली. "लिव बाई, बावन्न. मी बी मोजले. आपल्याच गावचा तरोटा हाय, त्याले काहून लपवाचं?"