उलटी फेरी

फेरीच्या वाटेवर पिवळा पट्टा मारलेली झाडं अकरा होती: रानात सात, शेतांच्या बांधांवर तीन आणि रानाच्या तोंडाशी एक. पट्टा मारला म्हणजे झाड कापायचं असं नाही, तपासायचं. तपासणी ही तिची नोकरीच होती. वाट घरापासून निघून रानात शिरायची आणि शेतांच्या कडेकडेने घरी परतायची. त्यामुळे रानाच्या तोंडाशी उभं असलेलं म्हातारं झाड दरवर्षी पहिलं तपासलं जाई.

यंदा दादा म्हणाला, "उलटं जाऊ. आधी शेतं, मग रान."

"का?"

"रोज सरळच चालतो आपण. एक दिवस वाकडं चालून बघू."

ती हसली, पण ते तिच्या मनात राहिलं. दादा उगाच वाट बदलणाऱ्यातला नव्हता. सदऱ्याचं बटण तुटलं तर जुनंच शोधून लावणारा माणूस.

बांधांवरच्या झाडांशी तो मोकळा होता. तिनं लांब, बारीक ड्रिल खोडात घातलं की हा मागून म्हणे, "बाईसाहेब, हळू. त्याला गुदगुल्या होतील." पाती लाकडातून सरळ जायची, पोकळी आली की एकदम सैल पडायची. सैल पडेपर्यंत जितकी खोली, तितकं चांगलं लाकूड. तिसरं झाड आतून पार पोकळ निघालं.

"हे गेलं," ती म्हणाली.

"जाऊ दे. सरपण होईल," दादा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

रानात मात्र त्याची बडबड आटत गेली. ती एकेक झाड तपासत होती आणि तो पुढच्या वळणाकडे बघत होता.

"मोजपट्टे," शेवटी तो म्हणाला. लहानपणापासून तो तिला हेच म्हणायचा. "त्या म्हाताऱ्याला यंदा सोड ना. गेल्या वर्षी तूच हातोडी मारून पाहिलीस. भरीव वाजतंय म्हणालीस."

"गेल्या महिन्यात वारा नसताना त्याची फांदी पडली, दादा. आणि आई रोज त्याच्याखाली उभी असते."

"म्हणूनच म्हणतो. ते गेलं तर आई कुठे जाईल?"

आईला आता उजेड आणि अंधार एवढाच फरक कळायचा. सकाळी कुंपण धरून ती एकटी निघे, त्या झाडापर्यंत येई, खोडावर हात टेकला की मागे वळे. दिवसभरात घराबाहेर ती तेवढीच जाई. इतर वेळी कुणी हात धरायला आलं की म्हणे, "मी काय बाहुली आहे?"

आई तिथेच होती. खोडावर तळहात टेकून उभी.

"उलटे आलात?" पावलं ऐकूनच तिनं विचारलं. "चुकलात की काय?"

"दादाचं डोकं," ती म्हणाली आणि ड्रिल काढलं. "आई, जरा बाजूला हो. बघते, आत किती लाकूड आहे."

"लाकूड कुठलं? आत सिमेंट आहे." आई सहज म्हणाली. "एवढी मोठी ढोली होती. तुझ्या बाबांनी आणि यानं घमेल्यांनी भरली. तू तेव्हा वसतिगृहात होतीस. मग साल वाढून तोंड बुजलं. झाडाला आधार होईल म्हणाले."

ती दादाकडे वळली. तो बुटाच्या टोकाने माती उकरत होता.

"मी भरीव म्हणाले तेव्हा तू शेजारी उभा होतास."

"तू शिकलेली. तू म्हणालीस चांगलं आहे, मला वाटलं, देव पावला."

"दादा, हातोडी सिमेंटवर वाजत होती!"

"हळू बोल," तो आईकडे बघत म्हणाला.

"मी आंधळी आहे, बहिरी नाही," आई म्हणाली. "किती असायला हवं गं?"

"एवढ्या जाड खोडाला चहूबाजूंनी बारा सेंटिमीटर. कुठेही कमी भरलं तर कापायचं."

"आणि मग माझं काय, ते नंतर बघू. मोज." आईनं हात काढला, पण बाजूला व्हायच्या आधी जिथे टेकला होता ती जागा बोटानं दाखवली. तिथली साल घासून गुळगुळीत झाली होती. "इथंही मोज."

दादानं आईला धरून कुंपणाशी नेलं. या वेळी तिनं त्याचा हात झिडकारला नाही.

पहिल्या भोकातून तपकिरी भुसा आला, मग पाती करकरली आणि करडी पूड पडली. ती थांबली, पातीवरची खोलीची खूण बघितली, पुढच्या बाजूला गेली.

उत्तरेला पंधरा. पूर्वेला तेरा. दक्षिणेला साडेबारा.

पश्चिमेला, आईचा हात टेकायचा तिथे, चार.