तळाशी बसवलेला तापमापक

पोलादात ड्रिल शिरताना झालेला तो करकराट अजून माझ्या अंगात आहे. खूप वर्षं झाली. नॉर्वेत, व्हॉसच्या डोंगरातल्या एका शेतघरात योस्टेन आपल्या बापासाठी विजेवरच्या मोठ्या पातेल्याला भोक पाडत होता. त्या भोकात राहायचं होतं ते मला. मी तापमापक. बोटाएवढी पोलादी सळई, आणि बाहेर आकडा दाखवणारी डबी.

म्हातारा टोर्गिल्स दर नाताळाला घरची बिअर करी. ऊन-कोमट तो जन्मभर बोटांनीच ओळखत आला. मग एका हिवाळ्यात बर्फात ती बोटं गोठली, आणि पुढे त्यांना चटकासुद्धा कळेना. म्हणून मला आणलं.

"वर बसव," म्हातारा म्हणाला. "निदान मध्यावर तरी."

"बाबा, कमी बिअर केली तर हा कोरडाच लटकेल. तळाशी बरा."

"आणि वरचं कोण सांगणार?"

"पातेलं एकच, पाणी एकच. वरचं-खालचं वेगळं कसं असेल?"

"तुझी आई नि मी एकाच घरात राहायचो," टोर्गिल्स म्हणाला. "एका वेळी तापलो नाही कधी."

दोघं हसले. मला तळाशीच बसवलं.

त्या घराचं खरं धन एका बरणीत होतं. बिअर आंबवायचं विरजण, आज्याच्या आज्यापासून चालत आलेलं. आपलं थोडं विरजण शेजारी ठेवायचं, मेलंच तर परत मागता यावं, अशी तिथली रीत. टोर्गिल्सचं विरजण शेजारच्या सिन्नेवे म्हातारीकडे असे. ती त्या वर्षी वारली आणि लेकींनी तिचं फडताळ धुऊन काढलं, त्यात तेही गेलं. उरली ती ही एकच बरणी.

नाताळाआधी बार्लीचं गोड पाणी उकळून झालं. आत बुडवलेल्या तांब्याच्या वेटोळ्या नळीतून गार पाणी फिरवून ते निववायला घेतलं. निवलेलं पाणी जड होऊन माझ्याभोवती बसत गेलं. वर वाफा तशाच. मी अडतीस दाखवले, विरजण घालायला हवे तेवढे. माझ्यापाशी अडतीसच होते.

म्हाताऱ्याने पळी उचलली. "जरा ढवळू दे."

"नको हो, गाळ वर येईल. आकडा दिसतोय ना? का माझ्या कामावर भरवसा नाही?"

लेकाचं मन मोडू नये म्हणून त्याने पळी खाली ठेवली. विरजण जुनं, जोर कमी पडायला नको, म्हणून बरणी पुरती उपडी केली. रीतीप्रमाणे दोघांनी मोठी आरोळी ठोकली. आरोळी मोठी तेवढी बिअर जोरकस. विरजण वरच्या कढत थरावर पडलं आणि तिथेच मेलं.

सकाळी फेस नव्हता. दुसऱ्या दिवशीही नव्हता. योस्टेनने माझ्या डबीवर टिचकी मारली. "खोटारडं निघालं हे."

मला जिथे डांबलं तिथलं मी खरं सांगितलं. माणसं कोपऱ्यातल्या एकाला विचारतात, आणि साऱ्या घराची खबर लागली म्हणतात. आज त्या पातेल्यात बटाटे भरलेत. मी अजून त्याच भोकात आहे. मोडीत घाला मला, पण खोटारडा म्हणू नका.

टोर्गिल्स तेव्हा पातेल्याला कान लावून वाकला होता. आंबू लागलेली बिअर बारीक चुरचुरते, ते ऐकायला. बराच वेळ तसाच होता.

"बाबा, मनाला लावून घेऊ नका," योस्टेन म्हणाला. "दुकानात पाकीट मिळतं. त्यानेही आंबतंच की."

म्हातारा सरळ झाला. खुंटीवरची टोपी घातली, आणि बाहेर चालता झाला.