कोळंबीचं गार सार

दादूची बायको शालन तीन आठवडे काही खात नव्हती, आणि मागत होती ती फक्त कोळंबी, तिच्या बोलीत सुंगटां. पुण्याच्या डॉक्टरांनी "आता मागेल ते द्या" म्हणून घरी पाठवलं होतं. त्याचा अर्थ दादूला कळला होता. वेंगुर्ल्याची माणसं भोळी असली तरी इतकीही नसतात.

कोळंबी मिळणं अवघड नव्हतं. पिंपरीत नव्या निघालेल्या औषधाच्या कारखान्यात एक परदेशी साहेब होता, दादू त्याचा आचारी. साहेबाची मासळी दर शुक्रवारी मुंबईहून बर्फात बसून रेल्वेनं येई. अवघड होतं ते घरमालकिणीचं नाक. गवराबाई माळकरी. घरात मासळी आणायची नाही, या बोलीवर तिनं खोली दिलेली. मागच्या आळीत कुणी अंडं फोडलं तरी इकडे तिच्या हातातलं जातं थांबे. दादूनं एकदा खिशातून एकुलता एक सुका बोंबील आणला, तर तिनं सदरा विहिरीवर तीनदा धुवायला लावला आणि बजावलं, पुन्हा असं झालं तर बिऱ्हाड बाहेर. आता बिऱ्हाडात उठून उभी न राहू शकणारी शालन होती.

उपाय साहेबाच्या मडमेकडून आला, तिच्या नकळत. तिनं दादूला उन्हाळ्यासाठी एक पातळ सार शिकवलं: काकडी आणि दुधी उकडून वाटायचं, गाळायचं, वर उकडलेली कोळंबी सोडायची आणि सगळं फ्रीजमध्ये. रांधलेलं गार करायला वीज जाळणारी माणसं दादूनं पहिल्यांदाच पाहिली. पण त्या वाडग्याला टेकून साहेबाची मांजर खुशाल झोपून राहिली, तेव्हा त्याला कळलं, की गार कोळंबीला फारसा वास नसतो.

पुढच्या शुक्रवारी तो दुपारी थर्मास घेऊन सायकलवर निघाला. सारात बर्फाचे खडेही टाकले होते.

शालनचं अंग तव्यासारखं तापलेलं. त्यानं सार वाटीत ओतून पहिला चमचा तिच्या ओठांशी नेला.

"गरम आसा हो," ती म्हणाली. "फुकर मारा जरा."

दादूनं बर्फावर फुंकर मारली. मग तिनं घेतला.

तेवढ्यात गवराबाई दारात. "काय पाजतोस रं?"

"काकडीचं सार, मावशी."

"आन् त्ये गुलाबी काय?"

"गाजर."

"गाजर आसं वाकडं?"

"साहेबाचं आहे."

गवराबाई विचारात पडली. साहेबाच्या गाजराबद्दल तिला खात्रीनं काही म्हणता येईना. दुसऱ्या चमच्यात कोळंबी होती. शालननं ती सावकाश चावली आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसली.

"सुंगटां!" ती चांगली मोठ्यानं म्हणाली. "आमच्या दर्याची सुंगटां!"

दादूनं मान खाली घातली. बिऱ्हाडात दोन ट्रंका होत्या. बायको कशावर न्यायची, एवढाच प्रश्न होता.

"अजून भाजता," शालन पुटपुटली.

गवराबाईनं पदर खोचला, आत आली आणि वाटी त्याच्या हातातून ओढून घेतली. "तुज्या फुंकरंत दमच न्हाई. सर बाजूला." मग डोळे घट्ट मिटून, नाक आखडून, ती त्या बर्फाळ सारावर फुंकू लागली.

दादूनं त्यातूनच तिसरा चमचा भरून शालनला दिला. तो ओठांच्या कडेनं हनुवटीवर ओघळला. त्यानं तिच्याच पदरानं पुसला. तिच्या नाकापुढे बोट धरलं. बराच वेळ धरलं.

गवराबाई डोळे मिटून फुंकतच होती. "निवलं का रं?" तिनं मधेच विचारलं.

"अजून थोडं, मावशी," दादू म्हणाला.