खाटेच्या जागी उभी आहे मी

मित्रांनो, मी एक जुनी शोकेस आहे. सागवानी, काचेच्या दारांची, भिंतभर पसरलेली. पूर्वी स्वतःची ओळख करून देताना माझी मान ताठ व्हायची. हल्ली लाज वाटते. का, ते ऐका.

मला घडवून घेतलं ते घरातल्या आजोबांनी. ते शिंपी. मुलाचं लग्न ठरलं तेव्हा सुताराला म्हणाले, "सुनेच्या माहेरची माणसं येतील. घर भरलेलं दिसलं पाहिजे." सुताराने जीव ओतून काम केलं. मग माझ्या पोटात काचसामान, बाहुल्या, एक पितळी हत्ती असं काय काय येऊन बसलं. खरं सांगू? त्यातलं कधीच काही कुणाच्या उपयोगी पडलं नाही. पण येणारा-जाणारा म्हणायचा, "वा, काय शोकेस आहे," आणि मी फुगून जायचे. बडा घर पोकळ वासा, दुसरं काय.

पुढे ते भाड्याचं घर सोडावं लागलं. नवं घर दोन खोल्यांचं. तोवर दुकान मुलगा सांभाळू लागला होता. बेतल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, ही आजोबांची शिकवण त्याच्या अंगात मुरलेली. त्याने टेप घेतली, दुकानातला खडू घेतला आणि अंगणातच अख्खं नवं घर आखलं, खऱ्या मापाचं. मी खिडकीतून बघत होते. इथे पलंग, इथे ओटा, इथे शिलाई मशीन. एकेका सामानाचं माप घेऊन चौकोन पडत होते. सूनबाई म्हणाली, "शोकेस समोरच हवी हं. दारातून दिसली पाहिजे." माझा चौकोन सगळ्यांत ऐसपैस पडला.

मग मुलाने हाक मारली, "या बाबा, घर बघायला या. पण दारातून या, भिंतीतून नको." आजोबा हसत खडूच्या दारातून आत शिरले. रेघांवर पाय पडू न देता दोन्ही खोल्या फिरले. मग हळूच विचारलं, "माझी खाट कुठे रे?"

सूनबाईने जीभ चावली. गावभराची मापं घेणारा तो माणूस बापालाच मोजायला विसरला होता. त्याने पुन्हा टेप लावली. खाट एकाच ठिकाणी बसत होती, माझ्या चौकोनात. वाटलं, आता तो पायाने माझी रेघ पुसेल. पुसली नाही. "बघू काहीतरी," एवढंच म्हणाला. मला टाकायचं दोघांच्याही जिवावर आलं होतं. शेवटी आजोबांनीच त्यांची सुटका केली. "अरे, मी थोरल्या लेकीकडे जातो चार दिवस. तुमचं बस्तान बसलं की येईन."

ते चार दिवस अजून संपलेले नाहीत.

परवा आजोबा येऊन गेले. पिशवी मांडीवर धरून खुर्चीच्या कडेला टेकले होते. उकाड्याने सदरा पाठीला चिकटला होता. बटण हाताशीच होतं, तरी त्यांनी मुलाला विचारलं, "पंखा लावला तर चालेल का?" मुलाने उठून पंखा लावला आणि मान खाली घालून बसून राहिला. मी समोरच उभी होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मित्रांनो, घर केवढं हवं हे ठरवाल तेव्हा आधी माणसं झोपवून बघा, उरल्या जागेत सामान. आणि माझ्यासारखं कुणी आड येत असेल तर भीड धरू नका, सरळ सुताराला बोलवा. माझ्या फळ्यांत एक खाट सहज निघेल.