ब, काना, ई

मिस्त्रीने पासवर्ड टाकला आणि संगणकाने त्याला पुन्हा दारातूनच परत पाठवलं. सकाळपासूनची ही अकरावी खेप. काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत तीच ओळ: चुकीचं आहे.

"अरे बाबा, बरोबर सांगतोय मी," मिस्त्री म्हणाला. घरात ऐकायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून संगणकालाच म्हणाला.

अडतीस वर्षं त्याने लिफ्ट दुरुस्त केल्या. दहाव्या मजल्याच्या पोकळीत दोराला लोंबकळताना तो कधी चुकला नाही. या आठवड्यात मात्र चुकत होता. तेही टेबलाशी बसून.

संगणक बाईंचा. बाई म्हणजे त्याची बायको. ती प्रौढांच्या वर्गात लिहायला-वाचायला शिकवायची. लग्नाला वीस वर्षं झाल्यावर एकदाचा मिस्त्री पाटी घेऊन तिच्याच वर्गात जाऊन बसला. वर्गात सगळे तिला बाई म्हणायचे, म्हणून तोही म्हणायला लागला आणि मग घरीही तोंडातून तेच यायला लागलं. "अहो, निदान भाजी चिरताना तरी बाई म्हणू नका," ती वैतागायची. पण सवय लागली ती लागलीच.

कामाच्या पाळ्यांमुळे त्याचे वर्ग बुडायचे. त्यावर बाईंनी तोडगा काढला. घरच्या संगणकावर त्या श्रुतलेखन स्वतःच्या आवाजात भरून ठेवायच्या. एक शब्द, मग मिस्त्रीला लिहायला वेळ, मग पुढचा शब्द. तो कामावरून आला की वही घेऊन बसायचा. आजारपणातही त्यांनी चार धडे भरले. "सावकाश करा. बरी झाले की तपासते," म्हणाल्या. त्या बऱ्या झाल्या नाहीत. त्या चार धड्यांना हात लावायचा मिस्त्रीला दोन वर्षं धीर झाला नाही, आणि गेल्या महिन्यात धीर केला तर संगणक सुरूच होईना.

कोपऱ्यावरच्या दुकानातली संगणकवाली घरी येऊन बघून गेली. "लहान डिस्क गेलीय, काका. ती मी बदलते. मोठी ठणठणीत आहे, काकूंचं सगळं त्याच डिस्कवर आहे. पण काकूंनी हे युनिक्सवर चालवलेलं, संगणक चालवणारी वेगळी प्रणाली असते ती. ती डिस्क वाचायला युनिक्सच बसवावं लागेल. द्या, दुकानात नेते."

"नाही. हे घराबाहेर जायचं नाही." एकदा कुठेसा त्याने फोन दुरुस्तीला दिला होता. तो परत आला तो धुतल्या पाटीसारखा. बाईंचे त्यातले सगळे फोटो गेले. "कसं बसवायचं ते लिहून द्या. मी बसवतो."

"तुम्ही?"

"लिफ्टपेक्षा जड आहे का?"

तिने हसत दोन कागद लिहून दिले.

पहिल्यांदा काम अर्ध्यात अडकलं. दुसऱ्यांदा पडदाच काळा झाला. आणि दर वेळी तो प्रश्न यायचा: कोणती डिस्क पुसू? दोन्ही डिस्कची नावं जुळ्या भावांसारखी, फक्त शेवटी एकीला शून्य, दुसरीला एक. बोट चुकलं की बाईंचा आवाज पुसला. मोठीची वायर काढून ठेवावी म्हटलं, तर तिची खाच मोडकी. एकदा काढली तर परत बसेल याची खात्री नाही. तिसऱ्यांदा त्याने पाच वेळा आकडा वाचला, बोटाने गिरवला, मग किल्ली दाबली. तेव्हा कुठे युनिक्स बसलं.

आणि आता ते त्याला आत घेईना.

त्याने संगणकवालीला फोन लावला.

"पासवर्ड विसरला असाल, काका."

"बायकोला कोणी विसरतं का?"

"अच्छा, म्हणजे काकूंचं नाव ठेवलंत! मग टाइप करताना चुकत असेल."

"दिसलं तर कळेल ना! मी दाबतोय आणि पडद्यावर ढिम्म काही उमटत नाही."

"पासवर्ड दिसत नाहीच, काका. शेजाऱ्याने वाचू नये म्हणून."

"मला कुठला आलाय शेजारी," मिस्त्री म्हणाला.

"नसेलच जमत तर पुन्हा पहिल्यापासून बसवा. फक्त डिस्कचे आकडे नीट बघा हं. मध्येच ते आपसात अदलाबदल करतात कधीकधी."

हे ऐकून मिस्त्रीने फोन ठेवला. चौथ्यांदा तो प्रश्न नको होता. तेवढ्यात लेकीचा फोन आला. ती दूर होती आणि नेहमी घाईतच बोलायची.

"बाबा, अजून त्या डबड्यापुढेच बसलात? नवा पाठवते म्हटलं ना."

"नव्यात नाहीये ते."

"काय नाहीये?"

तो सांगणार होता. पण तिच्याकडे कोणीतरी तिला हाक मारली. "नंतर करते हं, बाबा. जेवा वेळेवर." फोन बंद झाला.

चहा गार झाला होता. तो तसाच पिऊन मिस्त्री खुर्चीत मागे टेकला. लिफ्ट हलत नसेल तर आधी काय करायचं? बटण दाबल्याचं वरपर्यंत पोचतंय का ते बघायचं. वायरला दिवा लावायचा. दिवा सांगतो, काय पोचलं.

इथे दिवा कुठे लावणार?

मग त्याच्या लक्षात आलं. पासवर्डच्या आधी संगणक नाव विचारतो आणि नाव टाकलं की ते पडद्यावर दिसतं! नावाच्या जागी पासवर्ड टाकला तर?

त्याने किल्ल्यांकडे पाहिलं. बाईंनी वहीचा कागद कातरून प्रत्येक किल्लीच्या खालच्या अर्ध्या भागावर मराठी अक्षर चिकटवलं होतं. वर छापील इंग्रजी अक्षर उरलं होतं, पण मिस्त्रीची नजर कायम खालीच जायची. त्याने ब दाबला. मग काना. मग ई.

पडद्यावर उमटलं: yeR.

मिस्त्रीने ते एकेक अक्षर लावून वाचलं. ये. र. येर. पुन्हा वाचलं. ये रे?

"बाई," तो मोठ्याने म्हणाला, "जन्मभर 'या' म्हणालात, आणि आता अरेतुरेवर आलात?"

आपल्याच आवाजाने तो दचकला. मग हसला, आणि हसता हसता चष्मा काढून पुसायला लागला.

चूक कळली होती. युनिक्स बसवताना त्याने मराठी अक्षरं चालू करून पासवर्डला 'बाई' दिलं. शब्द फारच लहान आहे अशी कुरकुर त्या यंत्राने केली होती, पण घेतला होता. या काळ्या पडद्याला मात्र मराठी येतच नव्हतं. बोटं 'बाई' लिहीत होती आणि तो 'yeR' ऐकत होता.

दुसऱ्या कागदावर तळाला, अडलंच तर, म्हणून उपाय लिहिला होता. आतापर्यंत त्याची ना मिस्त्रीला आठवण झाली होती, ना फोनवर संगणकवालीला. त्यात डिस्क पुसायची गोष्टच नव्हती. संगणक पुन्हा सुरू करा, यादीतून एकट्या माणसासाठीची ओळ निवडा. 'एकट्या माणसासाठी' या शब्दांवर मिस्त्री जरा थांबला. मग ती निवडली. पुढची ओळ कागदावर होती तशी उतरवली. शेवटी पासवर्ड बदलायचा हुकूम, passwd. यातली मधली दोन अक्षरं गाळलेली होती. बाईंनी लाल शाईने गोल केला असता.

नवा शब्द विचारल्यावर त्याने त्याच तीन किल्ल्या दाबल्या. ब, काना, ई. या वेळी जे पोचलं तेच ठेवलं गेलं.

संगणकाने आत घेतलं. उरलेल्या ओळी टाकून त्याने मोठी डिस्क उघडली. धडे होते. सगळे होते. त्याने कपाटातून वही काढली, समास आखला आणि शेवटच्या चारांतला पहिला लावला.

आधी श्वास ऐकू आला. मग, "लिहा, मिस्त्री. पायरी."

त्याने लिहिलं. री दीर्घ. पेन उचललं.

बाई बोलल्या नाहीत. त्यांनी मिस्त्रीला लागायचा तेवढा वेळ सोडला होता. तेव्हा एका शब्दाला त्याला मिनिट लागायचं. आता चार-पाच सेकंदांत झाला होता. उरलेल्या वेळात त्यांचा श्वास ऐकू येत होता, मध्येच दाबलेला खोकला, खुर्चीची कुरकुर. तीच खुर्ची. आता तिच्यावर तो बसला होता.

"झालं बाई," तो म्हणाला.

त्या थांबूनच राहिल्या. त्याने पेन खाली ठेवलं, आणि पुढच्या शब्दाची त्याला काही घाई नव्हती.