सेल्तिनाचा माड

एल्कानाने कोयत्याच्या पाठीने माडावर तीन टकोरे मारले आणि मान वर करून वाट पाहिली. हात पुरणार नाही एवढ्या उंचीवर उडता सरडा खोडाला चिकटून होता. त्याने गळ्याखालची पताका एकदा उघडली, मिटली, पण जागचा हलला नाही.

"नाही म्हणतोय," एल्काना म्हणाला.

"कालही नाही, परवाही नाही," करवतीचं यंत्र टेकवून उभा असलेला त्याचा मुलगा योनास म्हणाला. "सरडा आहे का गावचा मुखिया?"

आमच्या बेटावर झाड पाडण्याआधी खोड वाजवतात. सरडा दुसऱ्या झाडावर उडून गेला की मुभा मिळाली, आणि तो जिथे उतरेल त्याला त्या दिवशी हात लावायचा नाही. शिकलेली पोरं हसतात, पण पाळतात. मानाडो शहरातल्या व्यापाऱ्याला हा उतार विकताना एल्कानाने एकच अट घातली होती: सेल्तिनाचा माड सरड्याने सोडला तरच पाडायचा. व्यापारी हसून हो म्हणाला. सरड्यासाठी काय अडून राहायचं, असं त्याला वाटलं असणार.

एल्कानाची मुलगी सेल्तिना जन्मली तेव्हा तिची नाळ पुरून त्यावर हा माड लावला होता. ती होडीतून तलाउड बेटाकडे गेली, त्याला दोन वर्षं झाली. ना होडी परतली, ना कुणी सापडलं. पण तिची आई, आल्ते, अजून रोज संध्याकाळी तिचं ताट मांडते. माड उभा आहे तोवर पोर आहे, एवढंच तिचं म्हणणं. नजर अधू झाल्यापासून ती दारातूनच उताराकडे बघते. काही उभं दिसलं की तिला पुरतं.

एल्काना माडाला पाठ टेकून बसला. आज जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. समोर खाली समुद्रापर्यंत नुसते बुंधे होते. लवंगा, जायफळ, फणस, सगळ्यांची खोडं त्यानेच वाजवली होती, आणि सरडा एकेक झाड सोडत इथवर आला होता.

"योनास, इथून सगळ्यात जवळचं झाड कुठलं?"

योनासने चहूकडे पाहिलं. त्याचं हसू मावळलं. "चर्चमागचा आंबा."

"तिथवर जाईल तो?"

"नाही, पापा."

एल्काना म्हणाला, "म्हणजे तो नाही म्हणत नव्हता. त्याला जायला जागाच नव्हती."

समोर पाणी चमकत होतं. एवढ्या पाण्यात धरायला तरी कुठे काय असतं, हे दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या मनात सरळ आलं. पोर गेली होती. ती त्याच दिवशी गेली होती.

तो उठला. उतारावर थोडा खाली गेला, माडाकडे पाठ करून ताठ उभा राहिला.

"वाजव," तो म्हणाला.

"पापा, राहू द्या. आज नको."

"वाजव म्हटलं ना."

योनासने टकोरे मारले, मग पुन्हा जोरात मारले. एल्कानाच्या सदऱ्यावर काहीतरी हलकंसं आदळलं आणि पाठीला नखं रुतली. एल्कानाने श्वास रोखला.

"हलू नका," योनास हळूच म्हणाला.

करवत सुरू झाली. यंत्र दोनदा बंद पडलं. एल्कानाला वळून बघता येत नव्हतं. माड पडला तेव्हा पायाखालची जमीन हादरली, तरी पाठीवरची नखं सुटली नाहीत.

दिवस कलला. योनासने घरी चला म्हणून विनवलं. आज मला हलवू नकोस, एवढंच एल्काना म्हणाला.

खाली दारात आल्ते डोळ्यांवर हात आडवा धरून उताराकडे बघत होती. उतारावर काहीतरी उभं होतं. तिने आत जाऊन सेल्तिनाचं ताट मांडलं.