डॉन फाउस्तीनोंची मूठ

ज्यांनी मला मासे पकडायची पिसांची खोटी माशी पाण्यावर टाकायला शिकवलं, त्या डॉन फाउस्तीनोंचीच गाइड होऊन मी आलुमिने नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभी होते. काठावर त्यांची मुलगी ग्रिसेल्दा थर्मास घेऊन बसली होती.

म्हाताऱ्याचे हात थरथरतात, कधी मध्येच आखडतात. ग्रिसेल्दाला त्यांना शहरात आपल्या फ्लॅटवर न्यायचंय. त्यांना नदीकाठचं घर आणि अंगणातल्या कोंबड्या सोडायच्या नाहीत. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही! शेवटी बापलेकीचं ठरलं: एक ट्राउट स्वतः पकडायची आणि स्वतःच्या हातानं सोडायची. जमलं तर म्हातारा घरीच राहणार. मला ही पैज मुळीच पटली नव्हती, पण मला विचारतंय कोण?

"मिर्ता, मध्ये हात घातलास तर याद राख," त्यांनी मला बजावलं.

"नाही घालत. आधी पाय रोवा नीट. वाहून गेलात तर तुम्हाला जाळीत धरू का?"

"मावेन गं. तेवढा वाळलोय आता."

सकाळभर माशी वाळुंजाच्या फांद्यांत अडकत राहिली. मी सोडवायची, ते शिव्या घालायचे, वाळुंजाला आणि मला. दुपारी मात्र खडकामागच्या संथ पाण्यात माशी अलगद उतरली आणि गळाची काठी वाकली. भली दांडगी ट्राउट होती. त्यांनी तिला हळूहळू दमवत जवळ आणलं, आणि मी खरंच आनंदानं ओरडले. ग्रिसेल्दा टाळ्या वाजवत होती. हरल्याचं दुःख नव्हतं तिला, म्हणूनच मला तिचा राग धरता येत नाही.

गळ निघाला. आता सोडायची. आमच्याकडे मासा परत फेकत नाहीत. दमलेला असतो तो, म्हणून प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात सैल धरायचा. अंगात दम आला की तो आपणच निसटतो.

ट्राउटला दम आला. तिनं शेपटी मारली, पुन्हा मारली.

"सोडा आता."

"सुटत नाही," ते पुटपुटले. बोटं कल्ल्यांमागे रुतून बसली होती. मनगटावरची शीर ताठ झाली होती.

मी हात पुढे केला.

"खबरदार! ग्रिसेल्दा बघतेय."

मी हात मागे घेतला. मी तरी काय करणार होते? मी बोटं उघडली तर म्हाताऱ्याचं घर जातं, नाही उघडली तर मासा. ट्राउटचं तोंड उघडं पडलं, शेपटी मंदावली. काठावरून ग्रिसेल्दा हसत ओरडली, "सोडा ना बाबा, फोटो झाला!"

डॉन फाउस्तीनोंनी माशाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"उघड."

"ती बघतेय, डॉन फाउस्तीनो."

"बघू दे. उघड लवकर."

मी एकेक बोट उचकटलं. कडक होती ती, आणि थंडगार. ट्राउट क्षणभर आडवी तरंगली, मग कशीबशी सावरून खोल पाण्यात गेली. टाळ्या थांबल्या होत्या. ग्रिसेल्दा बुटांसकट पाण्यात उतरली आणि बापाचा तो हात आपल्या गळ्यातल्या रुमालात गुंडाळून चोळू लागली. शहराचं नाव तिनं काढलं नाही.

तेच बोलले शेवटी.

"कोंबड्या तू ने, मिर्ता. तांबडीला कापू नकोस, ती अजून अंडी देते."